सणवस्त्रे शिवणारे हात : स्लायगोच्या सुईची कथा

सणासमारंभाच्या निमित्ताने घरोघरी जे शिवणकाम आणि भरतकाम चालते, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. राज्ये आली आणि गेली, लढाया झाल्या, मंदिरे व राजवाडे उभे राहिले, या सर्वांच्या नोंदी सापडतात. परंतु दारावरचे तोरण, मांडवातील पताका, मेजावरचे भरतकामाचे वस्त्र, मिरवणुकीतील झेंडा या वस्तू कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत शिवल्या, हे बहुधा कागदावर येत नाही. कापड हे विरणारे द्रव्य. ते विरले म्हणजे त्यावर रात्री जागविणाऱ्या हातांची आठवणही विरून जाते. म्हणून ज्या एखाद्या ठिकाणी या कामाचा माग थोडाफार लागतो, ते ठिकाण कितीही दूरचे असले तरी त्याची माहिती करून घेणे उपयुक्त ठरते. आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्लायगो हा परगणा असे एक ठिकाण आहे.

आयर्लंड हा देश आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नाही. इस्राएलचे सहावे राष्ट्राध्यक्ष खाईम हर्झोग यांचा जन्म १९१८ साली त्या बेटावरील बेलफास्ट शहरी झाला आणि त्यांचे बालपण डब्लिन येथे गेले. त्यांचे पिताश्री रब्बी इत्झहाक हर्झोग हे १९३६ साली एरेत्झ इस्राएलचे मुख्य रब्बी म्हणून निवडले जाण्यापूर्वी आयर्लंडचे मुख्य रब्बी होते. डब्लिन हे त्या देशाचे पूर्वेकडील राजधानीचे शहर. स्लायगो मात्र पश्चिमेस, कॉनॉट प्रांतात, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेले आहे. बेनबल्बन नावाचा सपाट माथ्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी कुरणे, वारा व पाऊस यांनी सदा भिजलेला किनारा आणि लहान लहान शेतांवर कशीबशी गुजराण करणारे कूळ-शेतकरी, असे त्या परगण्याचे जुने रूप होते.

अशा गरीब मुलखात सणाची सजावट विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. जे घरात असेल त्यातूनच ती करावयाची. आयर्लंडच्या पश्चिम भागात १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिड हिचा दिवस मानला जातो. आदल्या दिवशी लव्हाळ्यांच्या किंवा गवताच्या काड्या विणून खुणेचे चिन्ह तयार करीत व ते दारावर किंवा छताखाली लावीत. त्याच रात्री कापडाची एक पट्टी अथवा फीत खिडकीबाहेर किंवा कुंपणाच्या झुडुपावर ठेवीत. रात्री संत ब्रिजिड त्या वाटेने जाते आणि तिच्या स्पर्शाने त्या कापडास गुण येतो, अशी समजूत. ती पट्टी मग जपून ठेवून वर्षभर डोकेदुखीवर बांधावयाची. डिसेंबरच्या २६ तारखेस तरुण पोरे रंगीत चिंध्या व फिती अंगरख्यावर शिवून घरोघरी गात फिरत. लग्नघरी गवताचे उंच मुखवटे चढवून अनाहूत पाहुणे नाचावयास येत. जुन्या कापडाचा एकही तुकडा वाया जात नसे. पिठाची रिकामी पोती उसवून, धुऊन, शुभ्र करून त्यांची अंथरुणे व परकर शिवीत. सणाचे वस्त्र आणि रोजचे वस्त्र एकाच टोपलीतल्या चिंध्यांतून निघत असे.

या जीवनक्रमावर १८४५ साली घाला पडला. बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि ज्या लोकांचे मुख्य अन्न बटाटा हेच होते, त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. हा दुष्काळ १८४९ पर्यंत व कोठे कोठे त्याहूनही पुढे टिकला. स्लायगो परगण्याची लोकसंख्या १८४१ च्या खानेसुमारीत १,८०,००० च्या वर होती. १८५१ च्या खानेसुमारीत ती १,२८,००० च्या आसपास उरली. दहा वर्षांत चार माणसांतील एकाहून अधिक माणूस नाहीसा झाला. कोणी भुकेने व तापाने मेले, कोणी जहाजात बसून अमेरिकेस व कॅनडास गेले. मागे राहिलेल्या कुटुंबांत कमावते पुरुष कमी आणि तोंडे पुष्कळ, अशी स्थिती झाली.

या आपत्तीत आयर्लंडच्या बायकांच्या हाती सुई आणि क्रोशाची आकडी ही दोन हत्यारे आली, असे म्हटले तरी चालेल. दुष्काळाच्या वर्षांत ठिकठिकाणी ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून, तसेच धर्मोपदेशकांच्या व जमीनदारांच्या पत्नींकडून गरीब स्त्रियांना लेस विणण्याचे शिक्षण देण्यात येऊ लागले. मोनाहन परगण्यातील क्लोन्स या गावी १८४७ साली सुरू झालेले क्रोशाचे काम पुढे जगभर नावाजले गेले. या धंद्यास भांडवल फारसे लागत नसे. एक आकडी, दोऱ्याचे रीळ आणि विस्तवाजवळची जागा एवढी सामग्री पुरे. पाळण्यातील मूल रडले तर काम बाजूला ठेवता येई आणि मूल झोपले की पुन्हा हाती घेता येई. तयार झालेली लेस वेदीवरील वस्त्रांना, वधूच्या पोशाखांना आणि श्रीमंतांच्या मेजवानीच्या मेजांना शोभा देई. जिने ती विणली तिच्या घरी त्या लेसचा तुकडाही राहात नसे. दुसऱ्यांच्या सणासाठी राबून आपल्या घरच्या चुलीत विस्तव ठेवावयाचा, असा तो व्यवहार होता.

स्लायगो परगण्यात या प्रकारचे एक काम लिसाडेल येथे उभे राहिले. लिसाडेल हा गोर-बूथ या जमीनदार घराण्याचा समुद्राकाठचा वाडा. तो १८३० नंतरच्या दशकात सर रॉबर्ट गोर-बूथ यांनी बांधविला. दुष्काळात सर रॉबर्ट यांनी अन्नदान केले असे सांगतात. त्याचबरोबर त्यांनी आपल्या कित्येक कुळांना जहाजांतून कॅनडास पाठविले, तो उपकार होता की जमीन मोकळी करण्याचा उपाय होता, याविषयी आजही मतभेद आहेत. त्यांच्या सूनबाई लेडी जॉर्जिना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिसाडेल येथे स्त्रियांसाठी सुईकामाची शाळा काढली. तेथे क्रोशाचे विणकाम, भरतकाम व जाळीच्या कापडावर दोऱ्याने नक्षी भरण्याचे काम शिकवीत. तयार माल विकला जाई आणि त्यातून काम करणाऱ्या स्त्रीस आठवड्यास १८ शिलिंगांपर्यंत प्राप्ती होई. त्या काळी कॉनॉट प्रांतातील शेतमजुरास आठवडाभर राबून याच्या निम्म्याच्या आसपास मजुरी मिळे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या रकमेचे महत्त्व कळते. नवऱ्याहून किंवा बापाहून अधिक पैसा घरात आणणारी स्त्री ही त्या गावांतून नवी गोष्ट होती.

लेडी जॉर्जिना यांच्या दोन कन्यांची नावे पुढे इतिहासात गेली. धाकटी ईव्हा गोर-बूथ ही कवयित्री. ती १८९७ साली इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी राहावयास गेली आणि १९०० पासून तेथील कामगार स्त्रियांच्या संघटनेची सहचिटणीस म्हणून तिने गिरणीतील बायकांसाठी आपले आयुष्य वेचले. थोरली कॉन्स्टन्स, विवाहानंतरची काउंटेस मार्किएविच, ही १९१६ च्या डब्लिनच्या उठावात लढली. डिसेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली ती पहिली स्त्री होय. ती त्या सभागृहात बसली मात्र नाही. १९१९ साली आयर्लंडच्या क्रांतिकारी सरकारात तिने मजूरमंत्र्याचे पद स्वीकारले. जमीनदाराच्या वाड्यात वाढलेल्या या दोघी बहिणींना मजुरीचे मोल कोठे समजले असेल, याचा विचार करताना आईच्या शाळेतील त्या सुया डोळ्यांसमोर आल्यावाचून राहात नाहीत.

स्लायगोचा दुसरा धागा येट्स घराण्याकडे जातो. कवी विल्यम बटलर येट्स यांचे नाव भारतीय वाचकांस गुरुदेव रवींद्रनाथांमुळे परिचित आहे. त्यांच्या भगिनी सुसान मेरी, ज्यांना घरी व बाहेर सर्वजण लिली म्हणत, यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६६ रोजी स्लायगो परगण्यातील एनिस्क्रोन या किनाऱ्यावरील गावी झाला. त्यांची आई सुसान पोलेक्सफेन ही स्लायगो शहरातील जहाजे व पिठाच्या गिरण्या चालविणाऱ्या व्यापारी घराण्यातील. वडील जॉन बटलर येट्स हे चित्रकार, परंतु द्रव्यार्जनात उदासीन. त्यामुळे मुलांचे बालपण लंडन आणि आजोळ यांच्यामध्ये हेलपाटे घालण्यात गेले. १८७२ ते १८७४ या काळात ही भावंडे स्लायगोतील मर्व्हिल नावाच्या आजोळच्या घरी होती. धाकटा भाऊ जॅक तर १८७९ पासून आठ वर्षे आजी-आजोबांपाशीच राहिला. तोही पुढे मोठा चित्रकार झाला. या भावंडांच्या मनातील घर म्हणजे लंडन नव्हे, स्लायगो.

घरची ओढाताण भागविण्यासाठी लिली यांनी १८८८ साली लंडनमध्ये मे मॉरिस यांच्या हाताखाली भरतकामाची नोकरी धरली. मे या सुप्रसिद्ध कारागीर व लेखक विल्यम मॉरिस यांच्या कन्या. वडिलांच्या कारखान्यातील भरतकामाचा विभाग १८८५ पासून त्या सांभाळीत. यंत्राने केलेल्या मालाने घरे भरून गेली असता हाताच्या कामास पुन्हा प्रतिष्ठा मिळवून द्यावी, हा मॉरिस यांचा आग्रह होता. लिली यांची प्रकृती जन्मभर नाजूक होती, तरी सुमारे सहा वर्षे त्यांनी ही नोकरी केली आणि रेशीम व लोकर यांच्या दोऱ्यांनी पाने, फुले, झाडे भरण्याची कला त्या पूर्णपणे शिकल्या.

पुढे १९०२ साली एव्हलिन ग्लीसन या विदुषीने डब्लिनजवळच्या डंड्रम या गावी ‘डन एमर’ नावाची संस्था स्थापन केली. लिली व त्यांची धाकटी बहीण एलिझाबेथ या दोघी तिच्या सहकारी झाल्या. एमर ही आयरिश पुराणकथांतील वीर कुहुलिन याची पत्नी. तिच्या अंगी जे सहा गुण सांगितले आहेत त्यांत सुईकामातील कौशल्य हा एक गुण गणला आहे. शब्बाथच्या संध्याकाळी गुणवती स्त्रीचे जे स्तवन आपण म्हणतो, त्यातही लोकर आणि ताग हातांनी कातणाऱ्या स्त्रीचा गौरव आहे, याची येथे आठवण होते. डन एमर संस्थेत तीन विभाग होते. गालिचे व पडदे विणण्याचे काम ग्लीसनबाई पाहात, छापखाना एलिझाबेथ चालवीत आणि भरतकाम लिलीबाईंकडे होते. आसपासच्या मुलींना पगार देऊन शिकवावयाचे आणि होईल तितके तागाचे कापड, लोकर व कागद आयरिशच वापरावयाचे, असा नियम ठेवला होता. १९०५ च्या सुमारास तेथे तीस स्त्रिया व मुली काम करीत होत्या. आपल्याकडे त्याच वर्षी स्वदेशीची चळवळ उसळली आणि पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनाचे काम हाती घेतले. स्त्रियांना शिवणकाम शिकवून त्यांच्या पायांवर उभे करण्याचा विचार त्या दशकात दोन्ही देशांत मूळ धरीत होता.

लिलीबाईंच्या विभागाचे पहिले मोठे काम म्हणजे मिरवणुकीचे झेंडे. गॉलवे परगण्यातील लॉखरे या गावी संत ब्रेंडन यांच्या नावाचे नवे कॅथेड्रल तयार होत होते. त्याच्या सजावटीस परदेशी तयार माल न आणता आयरिश कारागिरांचेच हात लावावयाचे, असे तेथील मंडळींनी ठरविले होते. त्या मंदिरासाठी १९०२ व १९०३ या वर्षांत सुमारे चोवीस झेंडे भरावयाचे काम डन एमर संस्थेस मिळाले. प्रत्येक झेंड्यावर एकेका संताची आकृती. बहुतेकांची रेखाटने जॅक येट्स व त्यांच्या पत्नी मेरी कॉटनहॅम यांनी केली. झेंडा हा दुरून, चालत्या गर्दीत, वाऱ्यावर हलत असताना दिसावयाचा असतो. त्यावर बारीक तपशील उपयोगी पडत नाही. म्हणून जॅक यांनी ठळक बाह्यरेषा काढल्या व रंगांचे मोठे सपाट भाग ठेवले. तागाच्या कापडावर रेशमाने व लोकरीने ते भाग टाक्याला टाका लावून भरून काढण्याचे काम लिलीबाई व त्यांच्या मुलींनी केले. दुरून जी रंगाची एक पट्टी दिसते तिच्यात असे शेकडो टाके असतात आणि त्यांतील एक जरी सैल पडला तरी कापड ओढले जाऊन आकृती वाकडी होते. ते झेंडे लॉखरे येथे जतन करून ठेवले आहेत. आजोळी वाढलेल्या भावाची रेघ आणि त्याच आजोळच्या बहिणीचा टाका असा त्यांचा संयोग आहे.

संस्थेतील मतभेदांमुळे १९०८ साली येट्स भगिनी वेगळ्या झाल्या व त्यांनी ‘कुआला’ नावाची स्वतःची संस्था काढली. एलिझाबेथ यांच्या छापखान्याची कीर्ती वाढत गेली. १९१४ साली रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ या नाटकाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच छापून प्रसिद्ध केले. भरतकामाचा विभाग मात्र सदैव तोट्यात असे. याचे कारण उघड आहे. खिळे एकदा जुळविले की त्यांवरून शेकडो प्रती निघतात. भरतकामाचे वस्त्र मात्र प्रत्येक वेळी पहिल्या टाक्यापासून सुरू करावे लागते. त्यास जितके दिवस लागतात तितक्या दिवसांची मजुरी किमतीत धरली तर गिऱ्हाईक माघारी फिरते आणि न धरली तर शिवणारी उपाशी राहते. प्रकृती अधिकच ढासळल्यामुळे लिलीबाईंना १९३१ च्या सुमारास हा विभाग बंद करावा लागला. त्यानंतरही त्या घरी बसून भरीत राहिल्या. १९४९ साली त्यांचे निधन झाले. डंड्रम येथील संत नाही यांच्या देवळाच्या आवारात दोघी बहिणी विसावल्या आहेत.

आता या सर्व कथेकडे पुन्हा एकदा पाहावे. लिसाडेलच्या शाळेच्या संस्थापिकेचे नाव आपणास ठाऊक आहे, तिच्या कन्यांची चरित्रे प्रसिद्ध आहेत. लॉखरेच्या झेंड्यांची रेखाटने कोणी केली हे लिहून ठेवलेले आहे. परंतु आठवड्यास १८ शिलिंग मिळविणाऱ्या त्या स्त्रिया कोण होत्या? कोणता संत कोणत्या मुलीच्या हातून भरला गेला? ज्या वस्तूंमुळे ही नावे मोठी झाली, त्या वस्तू ज्यांनी प्रत्यक्ष घडविल्या त्यांची नावे या कथेत जवळजवळ नाहीतच. लिलीबाई स्वतः शिवीत असल्यामुळे त्यांचे नाव राहिले. तेही बव्हंशी थोर कवीची बहीण म्हणून.

ही उणीव एकट्या आयर्लंडची नाही. आपल्या तोरामध्येही तिचे एक उदाहरण आहे. रानात पवित्र निवासमंडप उभारला गेला तेव्हा कारागिरांचा प्रमुख बसालेल आणि निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताने वेलबुट्टी काढणारा दान वंशातील अहलियाब, या दोघांची नावे कुळासकट नोंदली आहेत. त्याच ठिकाणी ज्ञानी अंतःकरणाच्या स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून आणले व बकऱ्याचे केसही कातले, असे आदराने सांगितले आहे. पण त्यांपैकी एकीचेही नाव दिलेले नाही. त्या सुताशिवाय अहलियाबाची सुई रिकामीच राहिली असती.

आपल्या समाजाकडे वळल्यास काय दिसते? मुंबईत शाआर हारहमीम हे आपले पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. तेव्हापासून कोकणात व शहरांत जी जी मंदिरे झाली, त्यांच्या हेखालावर मखमलीचे व रेशमाचे पडदे चढले, सेफेर तोरांना वस्त्रे शिवली गेली. घरी शब्बाथच्या भाकरीवर झाकावयाचे वस्त्र, तल्लेथ ठेवण्याची पिशवी, सुक्क्याच्या झावळ्यांखाली लावावयाच्या पताका, हे सर्व आपल्या आयाआज्यांनी कंदिलाच्या उजेडात शिवले. परोखेतवर पुष्कळदा दात्याचे नाव व ज्याच्या स्मरणार्थ ते अर्पण केले त्याचे नाव जरीने भरलेले असते. त्या नावाचे अक्षर न् अक्षर जिने भरले तिचे नाव तेथे नसते. १९४८ नंतर आपली बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. काही वस्त्रे त्यांच्या पेट्यांतून गेली, काही येथेच कपाटांत राहिली. ज्यांना ती कोणी शिवली हे ठाऊक होते, अशी वडीलधारी माणसे दरवर्षी आपल्यातून जात आहेत.

यावर उपाय अवघड नाही व खर्चाचाही नाही. येत्या सणास पेटी उघडली म्हणजे प्रत्येक हाताच्या कामाच्या वस्त्राबद्दल घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारावे : हे कोणी शिवले, कोठे, कोणत्या सालच्या सुमारास, कापड कोठून आणले? मिळालेले उत्तर स्वच्छ कागदावर लिहून वस्त्राच्या घडीत ठेवावे. मंदिरांच्या व्यवस्थापकांनी आपल्या परोखेत व सेफेर-वस्त्रांची अशीच एक वही करावी. आणि ज्या भगिनी आजही सणासाठी काही शिवतात, त्यांनी पाठीमागच्या बाजूस एका कोपऱ्यात चार टाक्यांत आपले नाव व साल भरण्यास संकोच करू नये. स्लायगोच्या त्या स्त्रियांना तसे करण्याची संधी मिळाली नाही. आपल्याला ती आहे.